साधनांचा सन्मान कधी?

खंडेनवमीच्या दिवशी महाराष्ट्रातील घराघरांत एक साधासा विधी होतो. शेतकरी आपली अवजारे धुऊनपुसून ओळीने मांडतो, सुतार करवत आणि रंधा पाटावर ठेवतो, कारखान्यातला कामगार आपल्या यंत्राला झेंडूची माळ घालतो. ज्या घरात एखादे जुने शस्त्र असेल तेथे त्या शस्त्रालाही हळदकुंकू वाहिले जाते. साधन हे निर्जीव नाही, ते माणसाच्या पुरुषार्थाचाच एक भाग आहे, हा त्यामागील संस्कार आहे. शतकानुशतके हा संस्कार जपणाऱ्या समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारावा अशी वेळ आज आली आहे. देशासाठी खेळणाऱ्या तरुणाच्या साधनांना आपण काय वागणूक देतो? धनुष्य, रायफल, बांबूउडीचा पोल ही आजच्या काळातील तेजाची साधने आहेत. विमानतळाच्या काउंटरवर मात्र त्यांची ओळख ‘जादा लांबीचे, जादा वजनाचे सामान’ एवढीच उरते.

जानेवारी २०२६ मध्ये पनवेल रेल्वे स्थानकावर घडलेला प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. बांबूउडीत राष्ट्रीय विक्रम नोंदविलेला देव मीना हा खेळाडू आपल्या सहकाऱ्यासह मंगळुरूची आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपून भोपाळकडे निघाला होता. सोबतच्या लांब पोलमुळे त्यांना पनवेलला गाडीतून उतरविण्यात आले आणि फलाटावर ताटकळत बसावे लागले. ध्वनिचित्रफीत सर्वत्र पसरली, दोन दिवस हळहळ व्यक्त झाली आणि विषय मागे पडला. विशेष म्हणजे ज्या रेल्वेच्या फलाटावर हे घडले, त्याच रेल्वेच्या सेवेत तिकीट तपासनीस असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ऑलिम्पिक कांस्यपदक मिळविले होते. पदकविजेत्याला डोक्यावर घेणारी आणि खेळाडूला फलाटावर बसविणारी व्यवस्था एकच असावी, हे या देशाच्या क्रीडाजीवनातील विसंगतीचे नेमके चित्र आहे.

रेल्वे नको तर विमानाने जावे, असे कोणी सहज सुचवील. पण विमानाचा मार्ग याहून बिकट आहे. बांबूउडीचा पोल चार ते पाच मीटर लांब असतो. देशांतर्गत मार्गांवर सर्रास वापरले जाणारे एअरबस ए-३२० जातीचे विमान सुमारे ३७ मीटर लांब असले, तरी त्याच्या पोटातील मालकक्षाचे दार दोन मीटरही रुंद नसते. या दारातून पोल तिरका करून आत घ्यायचा, तर त्यासाठी कर्मचारी, वेळ आणि मुख्य म्हणजे इच्छा लागते. लहान शहरांना जोडणाऱ्या छोट्या विमानांत तर तो शक्यतेच्या पलीकडचाच. भालाफेकीच्या खेळाडूला स्पर्धेच्या ठिकाणी आयोजकांकडून भाले मिळू शकतात, बांबूउडीच्या खेळाडूला मात्र स्वतःचेच पोल न्यावे लागतात. ते त्याच्या वजनानुसार, धावण्याच्या वेगानुसार आणि पकडीच्या उंचीनुसार निवडलेले असतात, आणि एक नव्हे तर वेगवेगळ्या ताठरपणाचे अनेक असतात. त्या काचतंतूच्या नळीवर प्रवासात पडलेला एक खोल ओरखडासुद्धा धोक्याचा असतो. खेळाडूचा सारा भार पेलून ती धनुष्यासारखी वाकते, तेव्हा नेमकी त्याच जागी ती तुटू शकते.

धनुर्विद्येचीही कथा वेगळी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने अवघ्या सतराव्या वर्षी आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, तेव्हा सारा महाराष्ट्र आनंदला. पण त्या कंपाउंड धनुष्याचे स्वरूप किती जणांना ठाऊक आहे? रिकर्व्ह धनुष्याच्या भुजा सोडवून ते पेटीत भरता येते, कंपाउंड धनुष्य मात्र ताणलेल्या दोरांसह आणि चाकांसह जसेच्या तसे न्यावे लागते. त्याच्या भुजेला तडा गेला तर ते ओढणे धनुर्धराच्याच जिवावर बेतू शकते. नेम साधण्याचे उपकरण केसभर सरकले, तरी पन्नास मीटरवरचा बाण मध्याऐवजी कडेला जातो. महिनोन्‌महिने सरावाने जुळवून घेतलेली ही सूक्ष्म मापे बिघडविण्यास सामानाच्या पट्ट्यावरची एक आदळआपट पुरेशी असते.

नेमबाजाच्या वाट्याला तर दुहेरी कसोटी येते. त्याच्या रायफलीचा दस्ता त्याच्या गालाच्या आणि खांद्याच्या ठेवणीशी मिलीमीटरमध्ये जुळविलेला असतो. शिवाय ते शस्त्र असल्याने कागदपत्रांचा जथा सोबत बाळगावा लागतो. शस्त्रपरवाना, क्रीडा संघटनेचे पत्र, परदेशी जायचे असल्यास त्या देशाची पूर्वपरवानगी, आणि प्रत्येक विमानतळावर नव्याने उलटतपासणी. शस्त्र रिकामे असले पाहिजे, त्याची घोषणा झाली पाहिजे, काडतुसे वेगळी आणि सुरक्षित बांधलेली हवीत, आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती माणशी पाच किलोंहून अधिक नसावीत, हे सारे योग्यच आहे. सुरक्षेच्या बाबतीत कोणतीही ढिलाई या देशाला परवडणारी नाही. पण नियम माहीत नसलेल्या कर्मचाऱ्याने खेळाडूला संशयिताप्रमाणे तासभर उभे करणे याला सुरक्षा म्हणत नाहीत, त्याला अज्ञान म्हणतात.

नामवंत खेळाडूंचीही यातून सुटका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूझीलंडहून ढाक्याला पोहोचलेल्या दीपक चहरचे सामान त्याच्याबरोबर आले नव्हते आणि दुसऱ्याच दिवशी एकदिवसीय सामना होता. २०२३ साली टेबल टेनिसपटू मनिका बत्रा हिला परदेशातील स्पर्धेहून परतताना हरवलेल्या सामानासाठी जाहीरपणे मदत मागावी लागली. ज्यांचे एक वाक्य हजारो लोक वाचतात त्यांची ही अवस्था, तर परभणी किंवा गडचिरोलीहून पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीने दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न भावनेचा आहे, तसाच पैशाचाही आहे. देशांतर्गत विमानप्रवासात साधारणतः पंधरा किलो सामान विनाशुल्क नेता येते. खेळाडूची पेटीच त्याची निम्मी मर्यादा खाऊन टाकते, उरलेल्यावर प्रतिकिलो आकार भरावा लागतो. काही कंपन्या क्रीडासाहित्यासाठी वेगळे दर ठेवतात, काही ठेवत नाहीत, आणि जाताना मान्य झालेली पेटी येताना अमान्य होऊ शकते. सामान मोडले वा हरवले, तर भरपाईची मर्यादा काय? २०१४ सालच्या शासकीय अधिसूचनेने देशांतर्गत प्रवासासाठी ती प्रवाशामागे वीस हजार रुपये ठरविली. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात सहभागी झाला. त्यातील मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार अमेरिकी डॉलर इतकी आहे. स्पर्धेच्या दर्जाच्या धनुष्याचा संच लाखाच्या वर जातो. तो बहुधा वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून, आईच्या मोडलेल्या दागिन्यांतून किंवा गावाने काढलेल्या वर्गणीतून आलेला असतो. वीस हजारांच्या धनादेशाने त्याची भरपाई कशी व्हायची?

विमान कंपन्यांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. विमानाचा तोल, मालकक्षाची जागा, अर्ध्या-पाऊण तासात विमान पुन्हा उड्डाणासाठी सज्ज करण्याची घाई, या त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. प्रत्येक विमानात प्रत्येक पोल नेता येणार नाही, हेही मान्य. पण ‘कोणत्या विमानात काय नेता येईल’ याचे उत्तर तिकीट काढतानाच स्पष्टपणे मिळावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. परदेशातील काही कंपन्या आगाऊ नोंदणीवर पोलदेखील स्वीकारतात. जे तेथे जमते ते आपल्याकडे जमू नये, असे काही विमानशास्त्रात लिहिलेले नाही.

खेद वाटतो तो धोरणाच्या पातळीवरील विसंगतीचा. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती’ मंजूर केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारताने आपली इच्छा अधिकृतपणे कळविली आहे. ही आकांक्षा देशाच्या आत्मविश्वासाला शोभणारी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु यजमान होणे म्हणजे भव्य मैदाने उभारणे एवढेच नव्हे. जगभरातून हजारो खेळाडू आपापली धनुष्ये, नौका, सायकली, शर्यतीच्या चाकाच्या खुर्च्या घेऊन आपल्या विमानतळांवर उतरतील, त्या दिवशी आपल्या काउंटरवरचा कर्मचारी गोंधळून वरिष्ठांना दूरध्वनी करीत बसला, तर उद्घाटन सोहळ्याची सारी रोषणाई फिकी पडेल. आणि परदेशी पाहुण्यांसाठी जी व्यवस्था तेव्हा उभी करावीच लागणार आहे, ती आपल्या मुलांसाठी आज का नको?

उपाय अवघड नाहीत. नागरी विमान वाहतूक, रेल्वे आणि क्रीडा या तीन मंत्रालयांनी एकत्र बसून क्रीडासाहित्याच्या वाहतुकीची एकच राष्ट्रीय नियमावली करावी. मान्यताप्राप्त संघटनेच्या खेळाडूला, त्याच्या साधनाचा प्रकार आणि मापे नोंदविलेले एकच ओळखपत्र मिळावे आणि ते विमानतळापासून रेल्वे फलाटापर्यंत सर्वत्र ग्राह्य धरले जावे. प्रत्येक मोठ्या विमानतळावर अशा सामानासाठी निश्चित खिडकी व प्रशिक्षित कर्मचारी असावा. राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूच्या साधनांचा विमा संघटनेने वा शासनाने उतरवावा. यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

मात्र सारा भार शासनावर टाकून मोकळे होणे हा आपला स्वभाव होता कामा नये. खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक यांचीही काही कर्तव्ये आहेत. साहित्याची लांबी आणि वजन तिकीट काढतानाच कंपनीला लेखी कळवावे व होकारही लेखी घ्यावा. पेटी कठीण कवचाची असावी. निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढून खरेदीच्या पावत्या जवळ ठेवाव्यात. बॅट, हॉकी स्टिक अशा वस्तू केबिनमध्ये नेता येत नाहीत, पण बूट, गणवेश, बोटांचे संरक्षक यांसारख्या ज्या वस्तू चालतात आणि ज्यांच्यावाचून खेळताच येणार नाही, त्या हातातल्या पिशवीत असाव्यात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात टाकू नयेत. मूल्यवान साधनासाठी जादा आकार भरून विशेष मूल्यघोषणा करण्याची सोय आंतरराष्ट्रीय प्रवासात आहे, तिचा लाभ घ्यावा. सामान आले नाही वा मोडलेले आढळले, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच ‘पीआयआर’ हा तक्रारीचा नोंदक्रमांक घ्यावा. माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत, तर उशिरा मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत करावी लागते. अनेकांचा न्याय्य हक्क केवळ ही मुदत ठाऊक नसल्याने बुडतो.

येथेच समाजाचे, विशेषतः संघटित कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. आपल्याच वस्तीत विमान कंपनीत नोकरी करणारे, रेल्वेत अधिकारी असणारे, वकिली करणारे अनेक सज्जन आहेत. क्रीडा भारतीसारख्या संस्थांनी त्यांना एकत्र आणून गावोगावच्या खेळाडूंसाठी मार्गदर्शनाचा एक दुवा उभारला, तर पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या मुलीला परक्या शहरात एकटे वाटणार नाही. पनवेलच्या फलाटावर त्या दिवशी दोन खेळाडू ताटकळत असताना स्थानिक पाच-दहा नागरिक पुढे झाले असते, अधिकाऱ्यांशी नम्रपणे पण ठामपणे बोलले असते, तर चित्र वेगळे दिसले असते. व्यवस्था बदलण्यास वेळ लागतो, शेजारी उभे राहण्यास लागत नाही.

समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना करून बलोपासनेचा मार्ग दाखविला. त्या परंपरेचा वारसा सांगताना आपण व्यायामशाळा काढतो, स्पर्धा भरवितो, विजेत्यांच्या मिरवणुका काढतो. हे सारे चालूच राहावे. पण मिरवणूक पदकानंतर निघते आणि खेळाडूची खरी परीक्षा त्याच्या कितीतरी आधी, पहाटेच्या विमानासाठी काउंटरसमोर उभे असताना होते. आयुष्यभराची मेहनत त्या पेटीत बंद करून, ती अनोळखी पट्ट्यावर सरकताना तो पाहत असतो. ती पेटी जशी दिली तशी परत मिळेल, हा विश्वास त्याला देणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे. यंदाच्या खंडेनवमीला अवजारांवर फूल वाहताना या पेटीचीही आठवण ठेवू या.