ओल आत कशी शिरते?

गेल्या दिवाळीत इंदूरला राजेंद्र नगरात मावशीकडे गेलो होतो. तिनं सिंकखालच्या कपाटाचं दार दाखवलं. कडेची पट्टी सुटलेली, प्लायचे पापुद्रे उकललेले. "नळ गळत नाही, दाराला भोक नाही. सुतारानंच फसवलं! त्याचे राहिलेले पैसे मी देणार नाही," मावशी म्हणाली.

दार उलटून पाहिलं. 'एमआर' असा शिक्का होता. म्हणजे थोडा दमटपणा सोसणारा प्लाय, रोजच्या ओलीतला नव्हे.

वाचकहो, पाण्याला आत शिरायला भोक लागतंच असं नाही. वाळलेला डिंक म्हणजे लांबलचक रेणूंचा गुंता, ताटातल्या शेवयांसारखा. त्यांच्यामधल्या जागेतून पाण्याचे रेणू एकेक करून आत सरकतात. सुताराचा पांढरा डिंक त्यामुळे फुगतो, मऊ पडतो, पकड सोडतो. एमआर प्लायमध्ये बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड असतं. सततच्या ओलीनं त्याचे बंधच तुटत जातात. 'बीडब्ल्यूपी' प्लायमधला फिनॉलचा डिंक मात्र उकळत्या पाण्यातही टिकतो.

या सरकण्याचा नियम आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडला. त्याचा हिशेब असा : अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. कडेपासून १ सेंटिमीटर आत यायला ओलीला महिना लागला, तर २ सेंटिमीटरला चार महिने. म्हणून दार बरेच दिवस धडधाकट दिसतं आणि मग एकदम दगा देतं.

राजेंद्र नगराजवळच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. हे रामण्णा कर्नाटकातल्या तुमकूरचे. तिथल्या 'इंडस-२' यंत्रात इलेक्ट्रॉन निर्वात नळीतून फिरतात. अशा अतिनिर्वात नळ्यांच्या सांध्यांत रबराऐवजी धातूच्या चकत्या वापरतात, कारण धडक्या रबरातूनही हवा नि ओल झिरपते. तिथं आपल्या डिंकाची काय कथा!

"मावशी, सुताराला काय सांगितलं होतंस?"

"स्वस्तातलं घाल म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावून पैसे दिले. नवं दार बीडब्ल्यूपीचं ठरलं, आणि चारही कडा रंगानं बंद करायच्या असंही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर कडा आधी बघाव्यात; ओल तिथूनच येते.

कन्नडमध्ये 'अंटु' म्हणजे डिंक, 'नंटु' म्हणजे नातं. दोन्हीत ओल न दिसता शिरते. दार उकललं की मगच कळतं. मावशीनं निदान एक नंटु वेळेत वाचवलं.