सही करू की थांबू?

मित्रांनो, समजा तुम्ही वीस-एकवीस वर्षांचे आहात आणि एका मोठ्या संघाकडून आइस हॉकी खेळता. आपली मैदानावरची हॉकी नव्हे हं! पायात स्केट्स, खाली बर्फ आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये असा कोवळा खेळाडू आला, की त्याचा पहिला करार बहुधा तीन वर्षांचा असतो आणि पगारालाही नियमानेच मर्यादा असते. खरी पंचाईत होते ती हा करार संपल्यावर. आता दोन वर्षांची सही करायची, की सात-आठ वर्षांची?

दोन वर्षांची केली तर पैसे कमी. पण चमकलात, तर पुढच्या वेळी मागाल ती रक्कम! लांबची केली तर निश्चिंती. गुडघा दुखावला तरी पगार चालू.

मॉन्ट्रियलच्या पी. के. सुब्बानचंच बघा ना. (नाव दक्षिणेकडचं वाटतं, पण आईवडील वेस्ट इंडीजमधून कॅनडात आलेले.) २०१३ च्या जानेवारीत मोसम सुरू झाला, तरी हा बचावपटू घरीच! त्याला लांबचा करार हवा होता, संघ तयार नव्हता. अखेर दोन वर्षांचे साडेसत्तावन्न लाख डॉलर यावर त्यानं सही केली. आणि गंमत म्हणजे, त्याच मोसमात तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला! २०१४ साली संघाला आठ वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर मोजावे लागले. आधीची काटकसर चांगलीच महागात पडली म्हणायची.

कोलोरॅडोच्या नेथन मॅकिनननं उलटं केलं. २०१६ साली, विसाव्या वर्षी, त्यानं सात वर्षांची सही केली. वर्षाला ६३ लाख. पुढे तो इतका मोठा खेळाडू झाला, की ही रक्कम किरकोळ वाटू लागली. पण प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर लीगची मर्यादा असते. त्याचे वाचलेले पैसे इतर चांगल्या खेळाडूंना देता आले आणि २०२२ मध्ये संघानं स्टॅनले कप जिंकला! पुढच्या करारात त्याचा पगार दुप्पट झाला, वर्षाला १ कोटी २६ लाख. मला विचाराल तर मला हाच सौदा आवडतो.

मात्र लांबचा करार संघाच्या गळ्यात कसा अडकतो, तेही ऐका. न्यूयॉर्क आयलंडर्सनं २००६ साली रिक डिपिएत्रो या गोलरक्षकाशी चक्क पंधरा वर्षांचा करार केला, ६ कोटी ७५ लाखांचा! मग दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. २०१३ मध्ये संघानं करार मोडला, पण ठरलेल्या भरपाईचे हप्ते २०२९ पर्यंत चालणार आहेत, वर्षाला १५ लाख डॉलर!

तुम्ही असतात तर किती वर्षांची सही केली असती? घरी आईबाबांनाही विचारा. मात्र हे आकडे त्यांना आधी सांगू नका, बरं का!