समुद्रात उडी मारू नका, आधी होडी बघा



माझ्या एका जुन्या व्हिडिओत मी एक वाक्य खूप जोरात बोललो होतो. "समुद्रात उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही!" भरपूर लाइक्स आले. आज ते वाक्य मी मागे घेतोय.

मागच्या बॅचला एक ताई आल्या होत्या. तो व्हिडिओ बघून त्यांच्या मिस्टरांनी नोकरी सोडली आणि पीएफचे पैसे काढून दुकान टाकलं. डिपॉझिट, फर्निचर आणि मालातच सगळी रक्कम संपली. आठव्या महिन्यात शटर खाली. ताई माझ्याशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, उडी मारायला सांगितलंत, पण किनारा किती लांब आहे ते नाही सांगितलंत." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वारा, समुद्र, नांगरणी हे शब्द आपण धंद्यात सहज वापरतो. "सध्या वारं उलटं आहे." "मार्केट म्हणजे समुद्र." "पेराल तसं उगवेल." पण ज्यांचं पोट खरोखर यावर चालतं, ती माणसं कशी वागतात हे आपण बघतच नाही.

समुद्रापासून सुरुवात करू. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या प्रजननाचाही तो काळ असतो. कोळी बांधव बोट किनाऱ्यावर ओढून शाकारतात, जाळी दुरुस्त करतात, इंजिनाचं काम काढतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारा माणूससुद्धा पावसाळ्यात होडी घालत नाही. दोन महिने कमाई नाही, हे त्याच्या वर्षाच्या हिशोबात आधीच धरलेलं असतं. तुमच्या प्लॅनमध्ये शून्य विक्रीचे दोन महिने धरलेत का? भाडं, लाइट बिल आणि पोराचा पगार तेव्हाही द्यावाच लागतो.

आता वारा. शाळेत भूगोलात शिकलो होतो, आठवतंय? रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या. म्हणजे वाऱ्यालाही वेळापत्रक असतं. धंद्यालाही असतं. पगाराचा पहिला आठवडा, लग्नसराई, दिवाळी, शाळा सुरू होण्याचे दिवस.

माझं स्टेशनरीचं दुकान. पहिल्या वर्षी वह्यांची ऑर्डर मी उशिरा दिली, माल शाळा सुरू झाल्यावर आठ दिवसांनी आला. तोपर्यंत पालकांची खरेदी उरकली होती. मी मात्र सगळ्यांना सांगत होतो, "यंदा मंदी आहे." मंदी कसली? समोरच्या दुकानात रांग लागली होती. वारं होतं, माझं शीडच गुंडाळलेलं होतं.

आणि नांगरणी. शेतकरी उन्हाळ्यातच रान नांगरून ठेवतो. ढेकळं उन्हात तापतात, जमिनीतल्या किडींची अंडी आणि कोष वर येऊन मरतात. या कामाचा त्या महिन्यात एक रुपया मिळत नाही. पुढे पाऊस आला तरी लगेच पेरायचं नसतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पहिल्याच सरीवर पेरलं आणि पुढे पावसाने दडी मारली, की दुबार पेरणी. बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा, तोही बहुतेक वेळा उसनवारीवर.

आपल्या धंद्यात ओपनिंगच्या दिवशी आलेले पाहुणे म्हणजे ती पहिली सर. मित्रांनी केलेलं कौतुक म्हणजे पहिली सर. त्या भरवशावर सगळं भांडवल जमिनीत टाकू नका. आधी नांगरट करा. ज्या गल्लीत दुकान घेणार, तिथे तीन-चार रविवार उभं राहून गिऱ्हाईक मोजा. दोन-तीन होलसेलवाल्यांचे रेट आणि उधारीच्या अटी विचारा. प्रदर्शनात टेबल लावून थोडा माल विकून बघा.

काहीजण म्हणतील, "सर, असा विचार करत बसलो तर कधीच सुरू होणार नाही." बरोबर आहे. वाफसा निघून गेला तर पेरणीही वाया जाते. म्हणून तयारीला तारीख लावा. त्या तारखेला निर्णय घ्यायचा, हो किंवा नाही. पण तयारीच्या कंटाळ्याने मारलेल्या उडीला मी यापुढे धाडस म्हणणार नाही.

आज वहीत तीन गोष्टी लिहा. विक्री शून्य असताना मी किती महिने टिकेन? माझ्या धंद्याचं वारं कोणत्या महिन्यात येतं? आणि माझी नांगरट कुठपर्यंत झाली आहे?

ताईंचे मिस्टर आता पुन्हा नोकरीला लागलेत. रविवारी आठवडी बाजारात दोघं मिळून टेबल लावतात. या वेळी खर्च आणि विक्रीची वही ताईंकडे आहे.

तुमची तीन उत्तरं कमेंटमध्ये लिहा, मी वाचतो. भेटूया पुढच्या व्हिडिओत!