सही आपली, मजकूर कुणाचा?

गेल्या वर्षी मुलुंडच्या आमच्या केंद्रात एक बाई आली. नवऱ्याने तिला दोन मुलांसकट रात्री घराबाहेर काढलं होतं. कोर्टाबाहेरच्या एका टायपिंगवाल्याकडून तिने अर्ज करून घेतला. त्याने आधीच्या कुणाचा तरी अर्ज मशीनवर उघडला, नावं बदलली, पत्ता बदलला, प्रिंट काढून हातात दिली. ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती. मग तिने सही केली. तारखेला समोरच्या वकिलाने तिच्याच अर्जातलं वाक्य वाचून दाखवलं : ‘अर्जदार स्वतःच्या मर्जीने माहेरी निघून आली.’

ते वाक्य आधीच्या बाईचं होतं, नावं बदलताना तसंच राहून गेलेलं. पण सही हिची! ते दुरुस्त करायला पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. तोवर मुलांच्या खर्चाचा प्रश्न लटकलेलाच.

ही बाई बारावी झालेली, संगणकाचा कोर्स केलेली. मी विचारलं, “पडद्यावर वाचलं का नाहीस?” ती म्हणाली, “ताई, टायपिंग येतं मला. पण त्याच्या मशीनवर मी काय बोलणार?”

त्या उत्तराने मला आपल्याच कामाकडे बघायला लावलं. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांमधून आपण किती संगणक वर्ग चालवले! पण तिथे मुलींना शिकवलं काय? दुसऱ्याने लिहिलेला मजकूर न चुकता, भराभर उतरवायला. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो, इंग्रजीचा ४०. म्हणून आपण घड्याळ लावून बसतो. टाइपरायटरच्या काळात याला अर्थ होता. एक ओळ चुकली की अख्खं पान पुन्हा मारावं लागे. तेव्हा न चुकता नक्कल करणं हेच कसब होतं. संगणकाने नेमकी तीच अडचण दूर केली. आता वाक्य खोडता येतं, हलवता येतं, जुनी प्रत ठेवून नवी करता येते. मशीन बदललं, पण मुलीला दिलेलं काम तेच राहिलं : साहेबाचा मजकूर साहेबाच्या वेगाने.

कुणी म्हणेल, “आधी पोरींना नोकऱ्या तर लागू देत!” लागू देत की. वेगाला माझा विरोध नाही. पण वेग शिकवायला सहा महिने आणि वाचून दुरुस्त करायला एक तासही नाही, हा हिशोब कुणाच्या सोयीचा?

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत म्हटलं आहे की बाई निरक्षर असेल तर संरक्षण अधिकाऱ्याने तिला अर्ज वाचून दाखवावा, समजावून सांगावा. चांगला नियम आहे. पण साक्षर बाईने स्वतः वाचलं असेल, असं सगळेच धरून चालतात. तिला ते वाचायची सवय आणि हिंमत कुणी दिली?

म्हणून माझं म्हणणं, वर्गाचा पहिला धडा कोऱ्या पानाचा नको, भरलेल्या कागदाचा हवा. एक लांबलचक अर्ज उघडून द्या. तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खाली सरकवत वाचायचा. ‘शोधा’ वापरून आपलं नाव कुठेकुठे आलंय ते काढायचं, प्रत्येक ठिकाणी आपल्याबद्दल काय म्हटलंय ते बघायचं. परकं नाव, चुकीची तारीख, खोटं वाक्य सापडलं की दुरुस्त करायचं. मग फाइल नव्या नावाने जतन करायची, म्हणजे जुनीही पुराव्याला राहते. वर्डमध्ये केलेले बदल रंगीत दाखवायची सोय असते, ती चालू करायला शिकवायचं. कुणी आपल्या मागे काय बदललं ते मग लपत नाही. मशीन नसेल तर हे बरंचसं मोबाइलवरही होतं.

आणि हे मराठीत, युनिकोडमध्ये. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. तरी अजून कित्येक ठिकाणी जुन्या फाँटमध्ये काम चालतं. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणजे बाई पुन्हा त्याच टायपिंगवाल्याच्या दारात.

आता थोडं कडू बोलते. टायपिंगवाल्याला नावं ठेवणं सोपं आहे. आपल्या संघटनांमध्ये काय चालतं? वस्तीतली बाई बोलते, एमएसडब्ल्यू झालेली माझ्यासारखी लिहिते. केसची नोंद माझ्या फाइलमध्ये, अहवाल माझ्या शब्दांत. तिला दिसते ती छापील प्रत, तीही दिसली तर. मी कितीदा ‘मारहाण’ खोडून ‘कौटुंबिक वाद’ लिहिलंय, देणगीदारांना बरं वाटावं म्हणून! तिला विचारलं होतं का? नाही. तिच्या खुर्चीमागे उभं राहण्याची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही.

मुलुंडला आम्ही आता एक नियम केला आहे. कुठल्याही अर्जावर सही होण्याआधी बाई स्वतः मशीनसमोर बसते आणि आम्ही मागे उभ्या राहतो. वाचता येत नसेल तर तिची मुलगी किंवा शेजारीण वाचते, बदल मात्र तिच्या सांगण्यावरून होतो. एका अर्जाला अर्धा-पाऊण तास जास्त जातो. रांग लांबते, आमच्या कार्यकर्त्या कुरकुरतात. कुरकुरू देत. कोर्टातली एक फुकट गेलेली तारीख याहून कितीतरी महाग पडते.

तुमच्या केंद्रात हा अर्धा तास काढता येईल का? पुढच्या बैठकीत याचं उत्तर घेऊन या.