अरबांचा इशारा आणि सोद्रे बंधूंचीं गलबतें

बुडालेल्या गलबतांचा विषय निघाला, कीं घरांतील मुलांच्या डोळ्यांपुढें मोहरांनीं भरलेल्या पेट्या उभ्या राहतात, आणि वडील मंडळींस हा सारा रिकामटेकड्या श्रीमंतांचा उद्योग असें वाटूं लागतें. दोघांचाही समज थोडासा दुरुस्त व्हावा, म्हणून या खेपेस आम्हीं अशा एका गलबताची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे, कीं ज्याचा आपल्या देशाच्या इतिहासाशीं निकट संबंध आहे आणि ज्यांतून सोन्याच्या मोहरा निघाल्या त्या अवघ्या बारा.

ओमानच्या दक्षिण किनाऱ्यासमोर एक लहानसा द्वीपसमूह आहे. जुन्या नकाशांत त्यास कुरिया मुरिया असें नांव आढळतें. हल्लीं त्यास हलानियात म्हणतात. त्यांतील सर्वांत मोठें बेट अल् हलानिया. या बेटाच्या ईशान्य अंगास खडकाळ किनाऱ्याचा एक उपसागर आहे. दक्षिणेकडून वारा सुटला तर तेथें गलबतास उत्तम आसरा मिळतो. पण उत्तरेचा वारा सुटला, तर तीच जागा पिंजऱ्यासारखी होते. पुढील सर्व अनर्थ या एवढ्याशा गोष्टींत आहे.

इ. स. १५०२ मध्यें वास्को द गामा दुसऱ्यांदा हिंदुस्थानाकडे निघाला. या सफरीचें वर्णन शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं, आणि न येण्याचें कारणही उघड आहे. मलबार किनाऱ्याजवळ मक्केहून परत येणाऱ्या यात्रेकरूंचें एक जहाज त्यानें बायकामुलांसकट जाळलें व नंतर कालिकत शहरावर तोफा डागल्या. १५०३ च्या आरंभीं तो पोर्तुगालकडे परत फिरला, तेव्हां कांहीं गलबतें त्यानें मागें ठेवलीं. कोचीन व कण्णनूर येथील पोर्तुगीज वखारींचें रक्षण करणें हें त्यांचें काम. त्यांवर मुख्य म्हणून नेमिला होता व्हिसेंते सोद्रे, आणि त्याच्या हाताखालीं त्याचा भाऊ ब्रास सोद्रे. हे दोघे वास्कोचे सख्खे मामा.

मामांनीं रक्षणाचें काम फार दिवस केलें नाहीं. कोचीनच्या राजानें पोर्तुगीजांस आसरा दिला म्हणून कालिकतचा सामोरी त्याच्यावर चालून येण्याच्या तयारींत होता, आणि नेमक्या त्याच वेळीं हे दोघे बंधु एडनच्या आखाताकडे अरबांचीं मालवाहू गलबतें लुटण्यास निघून गेले. मिरीं, लवंगा, साखर, तांदूळ असा माल भरलेलीं पांच गलबतें त्यांच्या हातीं लागलीं. खलाशांस ठार मारण्यांत आलें व रिकामीं गलबतें जाळून टाकण्यांत आलीं. पुढें लुटीच्या वांटणीवरून त्यांच्या स्वतःच्याच कप्तानांशीं भांडणें जुंपलीं, हें सांगावयास नकोच. इकडे कोचीनच्या राजास राजधानी सोडून जवळच्या वैपीन बेटावर पळून जावें लागलें.

१५०३ च्या एप्रिलांत एका गलबताची डागडुजी करण्याकरितां आणि पावसाळी वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून सोद्रे बंधु अल् हलानियाच्या वर सांगितलेल्या उपसागरांत येऊन नांगर टाकून राहिले. बेटावरील अरब कोळी गरीब. त्यांनीं या पाहुण्यांशीं देवघेव केली. मे महिन्यांत त्या कोळ्यांनीं आपण होऊन येऊन सांगितलें, कीं आतां उत्तरेकडून मोठा वारा सुटण्याचा संभव आहे. गलबतें बेटाच्या दुसऱ्या बाजूस हलवावीं. लहान गलबतांच्या कप्तानांनीं हें ऐकलें व ते वांचले. सोद्रे बंधूंस मात्र आपल्या लोखंडी नांगरांचा भरंवसा वाटला. वारा आला, दोरखंड तुटले, आणि दोन्हीं मोठीं गलबतें खडकांवर जाऊन आदळलीं. ब्रासच्या 'सां पेद्रू' गलबतावरील बहुतेक माणसें कशीबशी किनाऱ्यास लागलीं. व्हिसेंतेचें 'एस्मेराल्दा' सर्व माणसांसह बुडालें.

कोंकणांतील वाचकांस या ठिकाणीं थोडें थांबावेंसें वाटेल. नारळी पौर्णिमेपूर्वीं गलबत हांकारूं नये, ही आपल्याकडील तांडेलांची रीत केवळ देवभोळेपणाची, असें म्हणणारे सुशिक्षित आम्हीं पाहिले आहेत. ता. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढांत, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आजही कुलाब्याकडील कित्येक घरांत त्या दिवसाचा उल्लेख हलक्या आवाजांतच होतो.

आतां शोधाची गोष्ट. समुद्राच्या तळाशीं काय आहे हें पाहण्याचीं साधनें मुख्यतः दोन: एक माणसाचा डोळा आणि दुसरें ध्वनीचें यंत्र. या यंत्रास सोनार असें नांव आहे, आणि योगायोगानें आपल्या भाषेंत तें मोठें शोभून दिसतें. सोनार किंवा सराफ नाणें दगडावर वाजवून त्याच्या आवाजावरून खरें-खोटें ओळखतो. हेंही यंत्र समुद्राचा तळ वाजवूनच पाहतें. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर वेगानें जातो, म्हणजे हवेंतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. यंत्रानें सोडलेला ध्वनि तळावर आपटून एका सेकंदानें परत आला, तर पाणी ७५० मीटर खोल आहे असें समजावें. बोटीच्या मागें लांब दोरीनें ओढावयाच्या एका माशाच्या आकाराच्या नळकांड्यांतून दोन्हीं बाजूंस असे ध्वनि सोडीत गेलें, म्हणजे परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून तळाचें चित्र तयार होतें. उंच वस्तूच्या मागें ध्वनि पोंचत नाहीं, म्हणून तेथें काळी सावली पडते. आणि अनुभवी माणूस पुष्कळदां वस्तूपेक्षां तिच्या सावलीवरूनच गलबत ओळखतो.

या विद्येंत नांवाजलेला शोधक डेव्हिड मर्न्स यानें २००१ मध्यें 'हूड' ही इंग्रजांची युद्धनौका आणि २००८ मध्यें 'सिडने' ही ऑस्ट्रेलियाची युद्धनौका शोधून काढली. 'सिडने' १९ नोव्हेंबर १९४१ रोजीं एका जर्मन जहाजाशीं झुंजतांना बुडाली होती. तिजवरील ६४५ माणसांपैकीं एकही परत आला नाहीं, आणि ती कोठें बुडाली हें सहासष्ट वर्षें कोणास ठाऊक नव्हतें. सुमारें २,५०० मीटर पाण्याखालीं ती सांपडली. तिला कोणीं हात लावला नाहीं. छायाचित्रें घेतलीं व तेथेंच राहूं दिली. तोंवर त्या खलाशांच्या आया तर निघून गेल्याच होत्या, पण म्हाताऱ्या झालेल्या कांहीं बायका व पोरपणीं बापास मुकलेलीं मुलें हयात होतीं. कोठें गेला एवढें कळणें यालाही माणसाच्या मनांत केवढी किंमत असते, तें ज्या घरांतून कोणी न सांगतां निघून गेलें आहे त्या घरानेंच सांगावें.

गंमत अशी, कीं याच मर्न्सच्या मंडळींना अल् हलानिया येथें सोनारचा मोठासा उपयोग होण्यासारखा नव्हता. खोल व सपाट तळावर तें यंत्र जसें चालतें, तसें उथळ पाण्यांतील खडकांच्या घळींतून चालत नाहीं. जेथें सगळीकडे धोंडेच, तेथें पांचशें वर्षांपूर्वींचा दगडी तोफगोळा हाही एक धोंडाच! तेव्हां आधीं जुन्या बखरी व पत्रें वाचून उपसागर ठरविला, आणि मग पाणबुड्यांनीं डोळ्यांनीं घळी तपासल्या. १९९८ सालीं, म्हणजे वास्कोच्या पहिल्या आगमनास पांचशें वर्षें झालीं त्या वर्षीं, घडवल्याशिवाय इतके वाटोळे होणें शक्य नाहीं असे दगडी गोळे तेथें दिसले. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यांत श्वास घेण्याची सोय १९४३ मध्यें कुस्तो व गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं सिद्ध केली. तिच्यामुळें हें शक्य झालें. तरीही तेथील लाटांचा हेलकावा असा, कीं पाणबुड्या हातांतील वस्तूसह मागें-पुढें फेंकला जातो.

प्रत्यक्ष खोदकाम ओमान सरकारच्या सांस्कृतिक वारशाच्या खात्याबरोबर २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत झालें व २०१६ च्या मार्चांत त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांनीं लगेच 'वास्को द गामाचें जहाज सांपडलें' म्हणून मथळे दिले. जहाज भाच्याचें नव्हे, मामाचें. पण मथळ्यांत मामास कोण विचारतो? एकंदर २,८०० हून अधिक वस्तु निघाल्या. गलबताच्या घंटेवरील आंकड्यांवरून १४९८ हें साल लागतें. कांहीं गोळ्यांवर व्हिसेंते सोद्रेच्या नांवाचीं आद्याक्षरें असावींत अशा खुणा आहेत. बारा मोहरा लिस्बनच्या टांकसाळींतील. त्यांखेरीज रुप्याचें एक नाणें निघालें, तें त्या सर्वांहून मोलाचें. त्याचें नांवच 'इंदिओ'. वास्को हिंदुस्थान पाहून परत आल्यावर १४९९ मध्यें, खास इकडील व्यापाराकरितां म्हणून पोर्तुगालच्या राजानें तें पाडलें. त्या जातीचें दुसरें एकच नाणें जगांत ठाऊक आहे. या सर्वांवरून बुडालेलें गलबत बहुधा 'एस्मेराल्दा'च, असें शोधकांचें मत आहे.

२०१४ मध्यें पितळेसारख्या धातूची एक चकती मिळाली. व्यास साडेसतरा सेंटिमीटर. वर राजाचें चिन्ह दिसत होतें. पण ती कशाकरितां होती हें कळेना. पुढें इंग्लंडांतील वॉरिक विद्यापीठाच्या मंडळींनीं लेसरच्या किरणांनीं तिचा पृष्ठभाग तपासला, तेव्हां कडेला पांच-पांच अंशांवर कोरलेल्या बारीक रेषा उमटल्या. ती खलाशांची यंत्रपट्टिका ठरली. दुपारीं सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे तें तिजवर मोजावें व कोष्टक पाहून आपला अक्षांश काढावा, असा तिचा उपयोग. या जातीचें तिच्याहून जुनें दुसरें यंत्र सांपडलेलें नाहीं.

राजाचें चिन्ह असलेलें असें यंत्र जवळ, लोखंडी नांगर समुद्रांत, आणि वारा केव्हां कोठून येणार हें मात्र ठाऊक होतें अनवाणी कोळ्यांस! वाचलेल्यांपैकीं पेरो द अताइद नांवाच्या कप्तानाचें राजास लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. त्यांत तो कळवितो, कीं भाऊ बुडाल्यावर ब्रास सोद्रेनें गलबतांवरील दोघां मुसलमान वाटाड्यांस ठार मारविलें. त्यांतील एक कुबडा असून साऱ्या हिंदुस्थानांत त्याच्यासारखा दुसरा वाटाड्या नव्हता. पहिल्या सफरींत मालिंदीपासून कालिकतपर्यंत वास्कोस वाट दाखविली तीही त्याच किनाऱ्यावरून घेतलेल्या एका वाटाड्यानेंच. ब्रासही त्याच बेटावर लौकरच मेला.

अशा गलबतांतील वस्तु विकण्याचा धंदा अनेक ठिकाणीं चालत असे. त्यास आळा घालण्याकरितां युनेस्कोनें २००१ मध्यें एक करार तयार केला व तो २००९ पासून अमलांत आला. आमच्या मतें तो उशिरानेंच आला. ज्या जागीं माणसें मेलीं, तेथील वस्तूंचा लिलाव मांडणें हें कोणत्याही धर्मांत शोभणारें नाहीं.

या तऱ्हेचें काम आपल्याकडेही चालतें. गोव्यास दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनीं झुआरी नदीच्या मुखाजवळील सुंची खडकावर एका पोर्तुगीज गलबताचे अवशेष तपासले. लोखंडी तोफा, चिनी मातीचीं निळीं-पांढरीं भांडीं, हत्तींचे सुळे व पाणघोड्याचे दांत तेथें निघाले; म्हणजे चीन व आफ्रिका या दोन्हीं टोंकांचा माल एकाच खडकावर येऊन थांबला. गलबताचें लांकूड लाटांनीं केव्हांच खाऊन टाकलें आहे, आणि त्याचें नांव अद्याप लागलेलें नाहीं.