पाठ केलेली साक्ष

ख्रिस्ती श्रद्धा इतरांना सांगण्यासाठी आध्यात्मिक तयारी कशी करावी, या विषयावरील मराठी पुस्तिका आणि शिबिरांतील टिपणे वाचताना आम्हांला प्रथम खटकते ती त्यांची भाषा. ‘आत्मे जिंकणे’, ‘पीक तयार आहे’, ‘क्षेत्र काबीज करणे’ अशा शब्दप्रयोगांत समोरचा माणूस कोठेच नसतो. असतो तो मुलूख. प्रार्थना, उपवास, वचनांचे पाठांतर, काही मिनिटांत आटोपणारी साक्ष आणि संभाव्य आक्षेपांची ठरीव उत्तरे, एवढ्यात तयारी पूर्ण झाली असा या लेखनाचा समज दिसतो. प्रार्थना-उपवासाविषयी आमचे काही म्हणणे नाही. उरलेल्या भागास मात्र आम्ही विक्रेत्याची उजळणी म्हणू.

पेत्राच्या पहिल्या पत्रातील ज्या वचनावर (३:१५) ही सारी इमारत उभारली जाते, ते वचनच या पद्धतीच्या विरुद्ध साक्ष देते. उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, असे ते सांगते खरे, पण कोणाला? जो विचारील त्याला, आणि तेही सौम्यतेने व आदराने. शिबिरांनी उत्तर तेवढे ठेवले आणि विचारणाऱ्याला गाळून टाकले.

वाशीम जिल्ह्यात तर हे गाळणे फारच विपरीत दिसते. कारंज्याला नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, खुद्द वाशीम गावात बालाजी. शिवाय १९५६ नंतर वस्त्यावस्त्यांतून रुजलेली बुद्धवंदना. रिकामे भांडे समजून ज्यात काही ओतायला जावे, असा माणूस या मुलखात भेटणे कठीण.

याच वाशीममध्ये १९३८ साली चर्च ऑफ द नाझरीनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी एका जुन्या शाळेच्या इमारतीत रुग्णालय सुरू केले. पुढे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल म्हणून ते ओळखले गेले. ताप उतरलेला रोगी घरी जाताना मनाशी कोणता प्रश्न घेऊन जातो, हे कोणत्याही अहवालात येत नाही. संशय मात्र अहवालात आला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात आणि अकोला मध्य प्रदेशात होते. त्या सरकारने १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनच्या शाळा-दवाखान्यांकडे प्रलोभनाचे साधन म्हणून बोट दाखवले. त्या निष्कर्षांशी आम्ही सर्वस्वी सहमत नाही. परंतु सेवेच्या पाठोपाठ आकड्यांची वही उघडली की संशयाला जागा मिळते, एवढे तरी मान्य करावेच लागेल. सर्वोच्च न्यायालयानेही १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात धर्मप्रसाराचा हक्क मान्य करताना दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही, असा भेद केला. प्रसारकांना हा निकाल टोचतो. आम्हांला तो पेत्राच्या वचनापासून फारसा दूर वाटत नाही.

तयारी कशी असते हे पाहायचे तर नारायण वामन टिळकांकडे यावे. १८९३ च्या सुमारास आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावर. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती दिली. म्हणजे परक्या भूमीतील काव्य अगोदर आवडीने वाचलेला मनुष्य तो, आणि परिणामाची नोंद ठेवायला मागे न थांबलेला! १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांना त्यांनी सोडले नाही. त्यांच्याच सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षे त्या आपल्या मनाशी आणि सोवळ्याओवळ्याशी झगडत होत्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे की त्यांचे पाऊल त्यांनीच टाकले, स्वतःच्या विचाराने. पाठ केलेल्या उत्तरांनी ही पाच वर्षे वाचवली असती असे ज्यांना वाटते, त्यांनी ते पुस्तक पुन्हा उघडावे. उत्तरायुष्यात, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही ज्यात स्थान होते असा ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनच्या पगारी भाषेत आपल्याला बोलता येणार नाही, हे त्यांना उमगले असावे.

आज वाशीमच्या एखाद्या वस्तीत कोणी साक्ष द्यायला गेला, तर त्याच्यासमोर बहुधा असा एक बौद्ध तरुण बसलेला असेल, ज्याच्या आजोबांनी बाबासाहेबांच्या शब्दावर जुना धर्म विचारपूर्वक टाकला. तो देवाच्या अस्तित्वाचे पुरावे मागणार नाही. तुमच्या मंडळीत लग्न जुळवताना मूळ जात पाहतात की नाही, हे तो विचारील. शिबिराच्या टिपणवहीत या प्रश्नाला आम्हांला तरी जागा आढळली नाही. उत्तर द्यायचे तर साक्षीदाराला आधी आपल्याच मंडळीत, आपल्याच घरात हा प्रश्न विचारून यावे लागेल; आणि उत्तर ‘पाहतात’ असे मिळाले, तर त्या तरुणाला ते तसेच सांगावे लागेल.