विश्लेषण : घोडबंदर रस्त्यावरून महिला बेपत्ता झाली, तर तपास कोण करणार?

निर्जन महामार्ग, रात्रीची वेळ आणि एकामागून एक नाहीशा होणाऱ्या स्त्रिया हे ओटीटीवरील थरारपटांचे हमखास चालणारे कथानक. पडद्यावर दोष अंधाराचा आणि एका विकृत खुन्याचा असतो. घोडबंदर रस्त्यालगतच्या खाडीपर्यंत पोहोचलेले अश्विनी बिद्रे-गोरे प्रकरण मात्र दुसऱ्याच धोक्याकडे बोट दाखवते. तो आहे तपासाला होणारा उशीर.

काय होते प्रकरण?

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे नवी मुंबई पोलीस दलात होत्या. ११ एप्रिल २०१६ रोजी त्या बेपत्ता झाल्या. कुटुंबाने जुलैमध्ये कळंबोली पोलिसांकडे तक्रार दिली; अपहरणाचा गुन्हा नोंदवायला जानेवारी २०१७ उजाडले. त्याच महिन्यात ठाणे ग्रामीण पोलीस दलातील वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकरला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले. त्याच कुरुंदकरला डिसेंबर २०१७ मध्ये या प्रकरणात अटक झाली. भाईंदरमधील घरात खून करून मृतदेहाचे तुकडे वसईच्या खाडीत टाकल्याचे तपासात पुढे आले. मृतदेह कधीच सापडला नाही. पनवेल सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कुरुंदकरला जन्मठेप सुनावली. बेपत्ता झालेली व्यक्ती स्वतः पोलीस अधिकारी असूनही निकालाला नऊ वर्षे लागली.

हद्दीचा अडसर कसा?

महिला नवी मुंबईत नोकरीला, माहेर कोल्हापूर जिल्ह्यात आणि खून भाईंदरमध्ये, असे हे प्रकरण तीन हद्दींत विभागलेले होते. घोडबंदर रस्त्याचेही तसेच आहे. कापूरबावडी, कासारवडवलीचा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. गायमुखचा घाट ओलांडला की ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाची हद्द लागते. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पुढे थेट मुंबई-अहमदाबाद महामार्ग. गाडी काही मिनिटांत हद्द ओलांडते. कागदाला वेळ लागतो.

‘मिसिंग’ आणि गुन्हा यांत फरक काय?

१८ वर्षांखालील मूल हरवले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील आदेशानुसार गुन्हा नोंदवावाच लागतो. प्रौढ महिलेच्या बाबतीत बहुतेकदा ‘मिसिंग’ अशी नोंद होते. घातपाताचा संशय पुढे येईपर्यंत तपासाला गुन्ह्याच्या तपासाची गती मिळत नाही. संसदेत २०२३ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार, २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत राज्यात १ लाख ७८ हजार ४०० प्रौढ महिला बेपत्ता झाल्याच्या नोंदी आहेत. त्यातील अनेक जणी परततात. पण ‘गेली असेल कुणाबरोबर, येईल परत’ हा शेरा सर्वांनाच लागतो आणि ज्या संकटात असतात त्यांचे पहिले काही तास वाया जातात.

अन्यत्र काय घडले?

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात महामार्ग क्रमांक १६ ‘अश्रूंचा महामार्ग’ म्हणून ओळखला जातो. या आणि लगतच्या महामार्गांवरील १९६९ ते २००६ दरम्यानच्या १८ महिला व मुलींच्या प्रकरणांसाठी तेथील पोलिसांनी विशेष पथक नेमले, तेही २००५ मध्ये. बळींमध्ये आदिवासी समाजातील अनेक जणी होत्या. पुरेशी बससेवा नसल्याने महिलांना अनोळखी वाहनांत बसावे लागे. वस्त्यांना जोडणाऱ्या बस २०१७ मध्ये सुरू झाल्या.

कुटुंबीयांनी काय करावे?

२४ तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. ११२ वर तातडीने कळवावे. घातपाताचा संशय असेल तर तो तक्रारीत स्पष्ट लिहावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, १ जुलै २०२४ पासून दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. ते ठाण्यातील टेबलावरूनही हद्दपार व्हायला हवे.